मॉरिशस ते रॉड्रिग्ज: ५९८ किलोमीटर आणि दीड तासाचा हिशेब

मॉरिशसहून त्याच देशाच्या, पूर्वेला असलेल्या रॉड्रिग्ज बेटाचं अंतर किती, हे शोधायला गेलं की चार आकडे समोर येतात: ५६०, ५९८, ३७२ आणि ३२३. यातले शेवटचे तीन एकच अंतर सांगतात. ५९८ किलोमीटर म्हणजेच ३७२ मैल आणि ३२३ सागरी मैल. वैमानिकांचा सगळा कारभार सागरी मैलात चालतो आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ३२३ला नेहमीच्या १.६ने गुणणारे ५१७ किलोमीटरवर येऊन थांबतात. म्हणजे समुद्राचे ८० किलोमीटर गायब!

५६०चा मामला वेगळा आहे. हा आकडा पर्यटनाच्या माहितीत सर्रास छापलेला असतो, पण नकाशावर तो बसत नाही. मॉरिशसचा पूर्व किनारा आणि रॉड्रिग्जचं पश्चिम टोक यांच्यातलं अंतरसुद्धा ५७५ किलोमीटरच्या पुढे जातं. विमानतळ ते विमानतळ मोजायचं तर ५६० विसरून जा.

हिशेब हाताने करून बघण्यासारखा सोपा आहे. मॉरिशसचा सर शिवसागर रामगुलाम विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, प्लेझाँसला आहे: २०.४३ अंश दक्षिण, ५७.६८ अंश पूर्व. रॉड्रिग्जचा प्लेन कोराय विमानतळ १९.७६ दक्षिण, ६३.३६ पूर्व. अक्षांशांतला फरक ०.६७ अंश. इथे अक्षांशाचा एक अंश ११०.७ किलोमीटरचा, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ७४ किलोमीटर. रेखांशांतला फरक ५.६८ अंश. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११.३ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवांकडे जाताना आकसत जातो. २० अंशांवर तो १०४.६ भरतो, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ५९४ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: ५९८ किंवा ५९९. पृथ्वीची गोलाई धरून काढलेलं उत्तर यापेक्षा किलोमीटरभरच इकडेतिकडे होतं.

ही पायथागोरसची रीत काहीशे किलोमीटरपर्यंतच चालवावी. मुंबई ते मॉरिशससाठी बृहद्वर्तुळाचं, म्हणजे गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर काढणारं सूत्रच हवं. ते अंतर साधारण ४,६७० किलोमीटर येतं. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नितळ गोल मानून केलं तर आकडा वीसेक किलोमीटर वाढतो. कारण पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, त्यामुळे विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा अंश थोडा आखूड असतो, आणि मुंबई-मॉरिशस मार्ग बराचसा उत्तर-दक्षिणच जातो. रॉड्रिग्जचा मार्ग जवळजवळ सरळ पूर्वेचा, त्यामुळे तिथे हा फरक नगण्य आहे.

संगणकाच्या तक्त्यात आकडे टाकताना दोन घोटाळे हमखास होतात. पहिला चिन्हाचा. दक्षिण अक्षांशाला उणे चिन्ह लावायचं राहिलं, तर मॉरिशस-रॉड्रिग्जचं उत्तर तरीही बरोबर येतं, कारण दोन्ही ठिकाणं दक्षिणेलाच आहेत. मग त्याच तक्त्यात मुंबई टाकली की मुंबई-मॉरिशस १,६०० किलोमीटर दिसतं. गणित स्वतः कधीच ओरडून सांगत नाही, म्हणून उत्तर डोळ्यांखालून घालावं. दुसरा घोटाळा अंश-मिनिटांचा. प्लेझाँसचा रेखांश ५७ अंश ४१ मिनिटं आहे. तो ५७.४१ असा टाकला तर विमानतळ पश्चिमेला २८ किलोमीटर सरकतो. ४१ मिनिटांना ६०ने भागायचं, तेव्हा ०.६८ मिळतात.

अंतराचं प्रकरण इथे संपलं. हा आकडा सगळ्यात पक्का, पण प्रवासाचा बेत आखायला त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

दीड तास कुठे जातो?

या मार्गावर एटीआर ७२ जातीचं दोन पंख्यांचं, सत्तरच्या आसपास आसनांचं विमान चालतं. त्याचा सरळ उड्डाणातला वेग साधारण २७० नॉट, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. ५९८ला ५००ने भागलं की ७२ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडी जास्त वेळ छापलेली असते. तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासूनची नसते. विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ, तिला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात.

तुकडे पाडून बघू. जागेवरून धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला पाचेक मिनिटं. मग १८,००० फुटांपर्यंत चढायला १७ मिनिटं, आणि चढताना वेग कमी असल्यामुळे या वेळात जेमतेम ५२ सागरी मैल कापले जातात. उतरण्याची सुरुवात रॉड्रिग्जच्या ५७ सागरी मैल आधी होते. हा आकडा तीन अंशांच्या उताराचा आहे: दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट खाली. त्याला १५ मिनिटं. मधले २१४ सागरी मैल पूर्ण वेगाने, म्हणजे ४८ मिनिटं. शेवटी धावपट्टीच्या रेषेत येणं, चाकं खाली, वेग कमी, यात आणखी चार-पाच मिनिटं, आणि उतरल्यावर उभं राहीपर्यंत तीन-चार. बेरीज ९० ते ९५.

म्हणजे ज्या २७० नॉटवर आपण भागाकार केला, तो वेग अर्ध्याहून थोड्याच जास्त वेळासाठी खरा असतो. बाकीची मिनिटं अंतर कितीही असो, जवळजवळ तेवढीच लागतात. मॉरिशस ते पश्चिमेचं शेजारी बेट रियुनियन घ्या. प्लेझाँसपासून सेंट डेनिसजवळच्या रोलां गारोस विमानतळापर्यंत २३२ किलोमीटर. अंतर रॉड्रिग्जच्या चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी, पण वेळ पाऊण तासाच्या खाली जात नाही. उलट मुंबईचं जेट ४,६७० किलोमीटर सहा तासांच्या आसपास कापतं. सरासरी काढली तर रियुनियनचं विमान ताशी ३०० किलोमीटर, रॉड्रिग्जचं ४००, मुंबईचं पावणेआठशे.

या तर्काचं शेवटचं टोक स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी, अंतर २.७ किलोमीटर. १९६७पासून चालणाऱ्या या फेरीची वेळापत्रकातली वेळ दोन मिनिटं, आणि वारा जुळून आला तेव्हा ती ५३ सेकंदांतही झाली आहे. हे जमतं ते तिथल्या आठ-नऊ आसनांच्या आयलंडर विमानाला चढाई जवळजवळ करावीच लागत नाही म्हणून. उंचीच गाठायची नाही, तर चढण्या-उतरण्याची बत्तीस मिनिटं येणार कुठून.

जाताना आणि येताना वेळ सारखी का नसते

नेहमीचं उत्तर असतं की इथे आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात, म्हणून पूर्वेला रॉड्रिग्जकडे जाताना वारा अंगावर येतो आणि जास्त वेळ लागतो. ऐकायला पटतं, पण विमान ज्या उंचीवर उडतं तिथे ते खरं नाही. व्यापारी वाऱ्यांचा थर उथळ असतो, साधारण दोन-तीन किलोमीटर जाडीचा. त्याच्या वर, विशेषतः जून ते सप्टेंबरच्या हिवाळ्यात, पश्चिमेकडून वारे वाहतात. १८,००० फूट म्हणजे साडेपाच किलोमीटर. त्यामुळे समुद्रावर आणि धावपट्टीवर वारा आग्नेयेचा, आणि वर विमानाला ढकलणारा वारा पश्चिमेचा, असा प्रकार हिवाळ्यात नेहमीचा आहे. २५ नॉटचा पश्चिमेचा वारा धरला तर मधले २१४ सागरी मैल जाताना ४४ मिनिटांत आणि येताना ५२ मिनिटांत होतात. उन्हाळ्यात वरचे वारे मंद असतात, बहुधा पूर्वेचे, तेव्हा हा फरक पुसला जातो किंवा उलटतो.

जमिनीजवळचा आग्नेय वारा मात्र दुसऱ्या रस्त्याने वेळ खातो, आणि हा भाग मला या मार्गातला सगळ्यात मजेशीर वाटतो. विमानाला वाऱ्यासमोर उडायचं आणि उतरायचं असतं. मॉरिशसची धावपट्टी १४/३२ आणि रॉड्रिग्जची १२/३०. हे आकडे चुंबकीय दिशेचे: १४ म्हणजे साधारण १४० अंश, १२ म्हणजे १२०. वारा आग्नेयेचा, म्हणून दोन्हीकडे बहुतेक वेळा १४ आणि १२ याच दिशा वापरात असतात. या भागात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या बरीच पश्चिमेला, १८ अंशांच्या आसपास, झुकलेली असते. ते वजा केलं की रॉड्रिग्जची धावपट्टी खऱ्या दिशेने १०० अंशांच्या जवळ येते, आणि मॉरिशसहून तिथे जाण्याची दिशा आहे ८३ अंश.

आता चित्र बघा. जाताना मॉरिशसहून आग्नेयेला उडालं की थोडं डावीकडे वळायचं, झालं मार्गाला. रॉड्रिग्जला पोहोचताना धावपट्टी जवळजवळ नाकासमोर, सरळ आत. परत येताना दोन्ही टोकांना उलटं. रॉड्रिग्जहून उडतं ते घराकडे पाठ करून, म्हणजे अख्खा वळसा घ्यायचा. मॉरिशसला येतं ते पूर्वेकडून, पण उतरायचं वायव्येच्या बाजूने, म्हणजे विमानतळ ओलांडून पलीकडे जायचं आणि फिरून यायचं. अजिबात वारा नसलेल्या हवेतसुद्धा धावपट्ट्या याच दिशेने वापरल्या तर परतीला पाचेक मिनिटं जास्त लागणार. त्यात हिवाळ्यातले वरचे पश्चिमी वारे मिळवले की परतीचा फरक दहा-पंधरा मिनिटांपर्यंत सहज जातो. वैमानिक मुद्दाम लांबून आणतोय असं परतीच्या वेळी वाटतं, त्याचं कारण हे.

आखूड धावपट्टी आणि परतीचं इंधन

प्लेझाँसची धावपट्टी ३,००० मीटरहून लांब, तिच्यावर मोठाली जेट उतरतात. प्लेन कोरायची १,३०० मीटरपेक्षा थोडी कमी. पूर्ण वजनाच्या एटीआर ७२ला समुद्रसपाटीला, सौम्य तापमानात, उड्डाणासाठी जवळपास तेवढीच लांबी लागते. म्हणजे हाताशी उरतं फारसं काही नाही. उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून विरळ झाली, किंवा पाऊस पडून धावपट्टी ओली झाली, किंवा समोरचा वारा पडला, की वजन कमी करणं हा एकच मार्ग उरतो. रॉड्रिग्जला जेट जात नाही आणि दीड तासाचा सव्वा तास होत नाही, तो या लांबीमुळेच. धावपट्टी वाढली तर या लेखातला वेळेचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

दुसरी अडचण भूगोलाची. रॉड्रिग्जच्या आसपास दुसरं बेट नाही. तिथे उतरता आलं नाही तर सगळ्यात जवळचा विमानतळ म्हणजे ज्या ठिकाणाहून निघालो तोच. त्यामुळे इंधनाचा हिशेब दोनपैकी एका रीतीने होतो. एक तर जाण्याचं, उतरण्याच्या प्रयत्नाचं आणि पुन्हा मॉरिशसपर्यंतचं इंधन घेऊन निघायचं. नाहीतर एकाकी विमानतळाचा नियम लावायचा: त्यात एटीआरसारख्या टर्बाइन विमानाने मुक्कामावर पोहोचल्यावर दोन तास उडता येईल एवढं इंधन ठेवायचं आणि वाटेत एक बिंदू ठरवून, तिथे हवामानाची ताजी खबर घेऊनच पुढे जायचं. एटीआर ७२ ताशी ६५० किलोच्या आसपास इंधन पितं. परतीची ८० मिनिटं धरली तर साडेआठशे-नऊशे किलो निव्वळ सावधगिरीसाठी. सामानासह एक प्रवासी १०० किलोचा मानला तर ही आठ-नऊ माणसांची जागा झाली.

सामानाचा काटा इथे एवढा कडक का असतो, हे यावरून कळेल. मुंबईहून येताना मिळालेली सामानाची मर्यादा रॉड्रिग्जच्या तिकिटाला लागू असेलच असं नाही. छोट्या विमानाची मर्यादा कमी असते आणि ती तिकिटागणिक बदलते, तेव्हा आपल्या तिकिटावर छापलेला आकडाच प्रमाण. जादा सामानाचे पैसे भरायची तयारी असली तरी वजन शिल्लक नसेल तर बॅग मागाहूनच्या विमानाने येते. औषधं, चार्जर आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत.

वाटेत काही बिघडलं, कोणी आजारी पडलं, तर पुढे जायचं की मागे फिरायचं, हे अंतराच्या मध्यावर ठरत नाही, वेळेच्या मध्यावर ठरतं. सूत्र सोपं आहे: एकूण अंतर गुणिले परतीचा वेग, भागिले दोन्ही वेगांची बेरीज. वारा नसेल तर १६१ सागरी मैलांवर बरोबर मध्य. मघाचा २५ नॉटचा पश्चिमी वारा असेल तर जाण्याचा वेग २९५, परतीचा २४५, आणि बिंदू येतो १४६ सागरी मैलांवर, म्हणजे मॉरिशसच्या बाजूला सरकलेला. पाठीवर वारा असताना पुढे जाणं लवकर स्वस्त पडू लागतं.

बेत आखताना

पोर्ट लुईहून प्लेझाँसला रस्त्याने तासभर, गर्दीच्या वेळी जास्त. पलीकडे विमानतळ बेटाच्या नैऋत्येला आणि पोर्ट माथुरिन हे मुख्य गाव उत्तर किनाऱ्यावर, त्यामुळे तिथेही अर्धा-पाऊण तास. मधली विमानतळावरची हजेरी धरली तर दाराशी दार पाच तास समजा. बोटीने जायची हौस असेल तर सागरी मार्ग पोर्ट लुईहून बेटाला वळसा घालून ३४५ सागरी मैलांच्या आसपास भरतो. १२ नॉटने २८-२९ तास, आणि जाताना लाटा व वारा दोन्ही समोरून.

घड्याळ दोन्ही बेटांवर एकच आहे, भारताच्या दीड तास मागे. मुंबईहून सकाळी सहाला निघून सहा तास लागले तर मॉरिशसला साडेदहा वाजलेले असतात. रॉड्रिग्ज मात्र ५.६८ अंश पूर्वेला आहे आणि अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथे सूर्य २३ मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. जूनमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य गेलेला असतो. दुपारी चारनंतर उतरणारं विमान घेतलं तर बेटाचे वळणावळणाचे रस्ते अंधारात करावे लागतात.

रॉड्रिग्ज मॉरिशसचाच भाग, २००२पासून स्वायत्त. तरी परदेशी प्रवाशाने पासपोर्ट जवळ बाळगायचा, तो मॉरिशसच्या हॉटेलात तिजोरीत ठेवून निघू नये. रियुनियनचं प्रकरण सर्वस्वी वेगळं. ते फ्रान्स आहे, पण युरोपच्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे पाऊण तासाच्या त्या उड्डाणासाठी व्हिसाची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. युरोपचा व्हिसा आहे म्हणून चालून जाईल, असं गृहीत धरू नका.

चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, क्वचित मेपर्यंत. मॉरिशसमध्ये इशाऱ्याचे चार वर्ग आहेत आणि तिसरा वर्ग लागला की देशाचे व्यवहारच थांबतात, विमानंही. जानेवारी २०२४मध्ये बेलाल वादळाच्या वेळी प्लेझाँसचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. इथे लक्षात ठेवायचं ते असं की दोन विमानतळ असले तरी वादळ दोघांपैकी कुठेही असो, फेरी रद्द होते. आणि वादळ नसतानासुद्धा रॉड्रिग्जवर ढग खाली आले तर विमान तिथवर जाऊन परत येऊ शकतं: तीन तास हवेत आणि पुन्हा प्लेझाँस. पुढची फेरी भरलेली असेल तर सत्तर माणसांना जागा मिळायला एक दिवस पुरत नाही.

म्हणून रॉड्रिग्जहून परतीचं आणि मॉरिशसहून मुंबईचं विमान एकाच दिवशी घेऊ नये. मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी, वादळांच्या मोसमात दोन. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये असतील तर पुढचं विमान चुकल्यावर कंपनी सोय लावते. वेगवेगळी घेतली असतील तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडण्याची शक्यता जास्त. मुंबईहून उतरून त्याच दिवशी रॉड्रिग्ज गाठायचं असेल तर मध्ये किमान तीन तास हवेत, कारण पासपोर्ट तपासणी, सामान घेणं आणि पुन्हा हजेरी हे सगळं त्यात बसवायचं असतं. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिला लागून शनिवार-रविवार आला तर स्थानिक लोकही रॉड्रिग्जला निघतात, तेव्हा गणपतीच्या दिवसांत मॉरिशसच्या मराठी नातेवाइकांकडे जाऊन पुढे बेट बघायचा विचार असेल तर आधी रॉड्रिग्जची तिकिटं हाती घ्या आणि मग मुंबईची तारीख ठरवा.